आधी उतरायला शिका: पहिल्या सायक्लोक्रॉस शर्यतीची तयारी

माझ्या पहिल्या सायक्लोक्रॉस शर्यतीत मी चार वेळा पडले. त्यातल्या तीन वेळा सायकल जवळपास जागच्या जागी उभी होती. वेगात पडलं की निदान चारचौघांत सांगायला तरी बरं वाटतं. मी मात्र एकदा उतरताना पाय सीटला अडकून पडले, एकदा चढताना सायकल पलीकडे कलंडली म्हणून पडले, आणि एकदा तर दोन्ही पाय जमिनीवर असताना चिखलात बसकण मारली. बांधावर बसून गंमत बघणाऱ्या एका आजोबांनी तेव्हा विचारलं होतं, "ताई, ढकलतच न्यायची हुती तर सायकल आणली कशाला?"

प्रश्न रास्त होता. या खेळात छोट्या, वळणावळणाच्या मार्गावर फेऱ्या मारायच्या असतात. वाटेत गवत, चिखल, वाळू, उभा चढ आणि मुद्दाम आडव्या ठोकलेल्या फळ्या. जिथं सायकल चालत नाही तिथं खाली उतरायचं, ती उचलायची, पळायचं आणि पळता पळताच परत चढायचं. युरोपात हा थंडीतला खेळ. फ्रान्समध्ये डॅनियल गूसो नावाच्या सैनिकानं १९०२ साली पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. १९१० साली 'तूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत जिंकणाऱ्या ऑक्ताव्ह लापीझनं आपल्या यशाचं श्रेय या हिवाळी सरावाला दिलं, तेव्हापासून रस्त्यावरचे सायकलपटूही याकडे वळले. पहिली जागतिक स्पर्धा १९५० साली पॅरिसला झाली. आपल्या सातारा जिल्ह्यातलं उदाहरण द्यायचं तर माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीची, अंतिम फेरी धावल्या, ती शर्यत आठवा, आणि धावणाऱ्याच्या खांद्यावर एक सायकल द्या.

आपल्याकडे अशा शर्यती मोजक्याच. बहुतेक वेळा एखादा सायकलवाला ग्रुप रविवारी सकाळी कुणाच्या तरी पडीक रानात फिती बांधून भरवतो. साताऱ्याजवळ अशा दोन शर्यतींत मी उतरले. वय अडतीस, रोजचं काम खुर्चीवरचं. पहिल्या शर्यतीआधी मला कुणी सांगायला हवं होतं ते इथं लिहिते आहे.

पहिली पायरी: आहे ती सायकल सोलून घ्या

खास सायक्लोक्रॉसची सायकल असते. दिसायला रस्त्यावरच्या रेसिंग सायकलसारखी, पण खाचांचे टायर आणि चिखल अडकू नये म्हणून चाकाभोवती जास्त मोकळी जागा. आंतरराष्ट्रीय नियमांत टायरची रुंदी ३३ मिलिमीटरच्या वर चालत नाही. हौशी शर्यतीत ते कुणी मोजत बसत नाही, एमटीबी (जाड टायरची माउंटन बाइक) चालते. तरी नाव देताना विचारून घ्या. पहिल्या शर्यतीसाठी नवी सायकल घेऊ नका असं मी हात जोडून सांगते. आधी एकदा चिखलात पडून बघा, मग पैशाचं बघू.

सायकलवरून काढायच्या गोष्टी: मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, हँडलच्या टोकाची शिंगं, आणि बाटलीचा होल्डर. शेवटच्याला मी हसण्यावारी नेलं होतं. सायकल खांद्यावर घेताना तोच होल्डर बरगडीत बसला, आठवडाभर कूस बदलता येत नव्हती. शर्यत तीस-चाळीस मिनिटांची असते. पाणी आधी प्या, नंतर प्या.

ब्रेकची एक गोष्ट घरीच तपासा. डावा ब्रेक दाबल्यावर मागचं चाक थांबतं का? आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना तसंच असतं, पण काही बाहेरच्या सायकलींना उलट असतं. उतरताना उजवा हात हँडल सोडतो आणि फक्त डावा ब्रेकवर राहतो. त्यात पुढचं चाक जखडलं तर सायकल तुम्हाला हँडलावरून पुढे फेकते.

बूट धावण्याचे, तळाला खोल नक्षी असलेले. पेडलला चिकटणारे क्लीटचे बूट पहिल्या खेपेला नकोच. हेल्मेटशिवाय कुणी उभं करणार नाही, करू नये. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. शेतातल्या मातीत गुडघा फुटणार हे धरूनच चला.

दुसरी पायरी: हवा कमी करा, मग आणखी थोडी कमी करा

आपल्या पंक्चरवाल्याचा नेहमीचा प्रश्न असतो, "कडक भरू ना?" रस्त्यासाठी ठीक आहे. चिखलात आणि ओल्या गवतात कडक टायर साबणावर ठेवल्यासारखा घसरतो. माझी पहिली शर्यत मी ५० पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) केली आणि प्रत्येक वळणाला शिव्या मात्र टायरच्या कंपनीला घातल्या.

अंदाजे आकडा हवा असेल तर साठ-सत्तर किलोच्या माणसाला ट्यूबवाल्या एमटीबीच्या दोन इंची टायरमध्ये २५च्या आसपास, ३३ मिलिमीटरच्या टायरमध्ये ३० ते ३५. ट्यूबलेस असेल तर त्याहून चार-पाच कमी. पण आकड्यापेक्षा अंगठ्यावर भरवसा ठेवा: टायर दाबल्यावर थोडा आत जायला हवा आणि तुम्ही वर बसल्यावर बुडाशी किंचित पसरायला हवा. फार कमी केलीत तर दगडावर आपटून रिम ट्यूबला चावते आणि शेजारी शेजारी दोन छिद्रं पडतात. अशी जोडछिद्रं दिसली की दोन-तीन पीएसआय वाढवा. हातपंप मैदानावर घेऊनच जा, कारण माती बघितल्याशिवाय हवेचा निर्णय होत नाही.

तिसरी पायरी: उतरणं आणि चढणं

बाकी सगळा लेख सोडून दिलात तरी चालेल, एवढं वाचा.

सायकल चालवता येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की आपल्याला उतरता येतं. आपण खरं तर थांबतो आणि मग उतरतो. इथं सायकल चालू असतानाच उतरायचं असतं. माझी अडचण आणखी एक पायरी मागची होती. मी लहानपणी लेडीज सायकलवर शिकले. मधे दांडा नाही, त्यामुळे मागून टांग टाकायची सवयच नाही. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणींचं असंच असेल.

मला हे शिकवलं आमच्या गल्लीत दूध घालणाऱ्या तात्यांनी. सत्तरीचे आहेत, चाळीस वर्षं दांड्याच्या काळ्या सायकलवर दोन्ही बाजूंना कॅन लावून हिंडले. परदेशी खेळाडूंचे व्हिडिओ मी आठवडाभर बघत होते, आणि एका सकाळी तात्या फाटकापाशी आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा माणूस तेच करतो आहे! उजवा पाय मागून काढून डाव्या पेडलवर उभा, सायकल अजून चालूच, फाटक आलं की अलगद जमिनीवर, आणि पाऊल न मोडता चालायला सुरुवात. मी विचारलं, "तात्या, हे मला शिकवाल का?" ते म्हणाले, "आगं पोरी, ह्यात शिकवायचं काय? सायकल थांबायच्या आत आपण चालाय लागायचं."

तेच सूत्र. आता क्रमानं:

अडथळा दहा-पंधरा पावलांवर आला की ब्रेक लावून वेग पळण्याइतका करा. गिअर आत्ताच हलका करून ठेवा. परत चढल्यावर जड गिअर असला तर पाय हलत नाही. डावं पेडल खाली घ्या, सगळं वजन त्यावर. उजवा पाय सीटच्या मागून काढून डावीकडे आणा. या क्षणी तुम्ही सायकलच्या डाव्या अंगाला एका पेडलवर उभे आहात. उजवा हात हँडलवरून काढून दांडा धरा, डावा हँडलवरच. मग उजवं पाऊल जमिनीवर टाका, लगेच डावं, आणि पळा. नेहमी डावीकडेच उतरायचं, म्हणजे चेन आणि दातेरी चक्र तुमच्या पोटरीपासून लांब राहतात.

पहिले आठ दिवस फक्त एवढंच करा, गवतावर, चालण्याच्या वेगात. फळी ठेवू नका. नंतर जमिनीवर एक ओंडका, मग बोळातल्या विटा. स्पर्धेतल्या फळ्या जास्तीत जास्त ४० सेंटिमीटर उंच असतात. घरी २० सेंटिमीटरवर सराव केलात तरी पुरतो, कारण भीती उंचीची नसते, पाऊल चुकण्याची असते.

फळ्यांसाठी सायकल दांड्याला धरून हातातल्या बॅगेसारखी उचलायची. लांब चढ किंवा पायऱ्या असतील तर खांद्यावर: उजवा हात फ्रेमच्या त्रिकोणातून घालून दांडा उजव्या खांद्यावर घ्या आणि त्याच हातानं हँडलचं डावं टोक पकडा, म्हणजे पुढचं चाक डोक्यात बसत नाही. काही एमटीबींचा त्रिकोण इतका लहान असतो की खांदा शिरत नाही. मग खालचा तिरका दांडा धरून उचला. मी आमच्या इमारतीच्या जिन्यात तीन मजले चढून सराव केला. शेजाऱ्यांनी आधी विचारलं की लिफ्ट बंद आहे का, मग विचारणं सोडलं. कुणी तरी सुचवेल की संगम माहुलीच्या घाटाच्या पायऱ्या छान आहेत. असतील, पण तिथं लोक आपल्या माणसांना निरोप द्यायला आलेले असतात. तिथं सायकल घेऊन जाऊ नका.

चढण्यात तात्यांची पद्धत आणि सायक्लोक्रॉसची पद्धत वेगळी. तात्या डावा पाय पेडलवर ठेवून उजव्यानं दोन रेटे देतात आणि टांग टाकतात. डांबरावर झकास, पण चिखलात तो रेटा मिळत नाही. इथं दोन्ही हात हँडलवर ठेवून पळत पळत डाव्या पायानं हलकी उडी घ्यायची आणि उजवी मांडी आतल्या बाजूनं सीटवर टेकवायची. मांडी टेकते, घसरते, आपोआप बैठक मिळते. सरळ बुडावर आदळलात तर दुसऱ्यांदा उडी मारायची हिंमत राहणार नाही. सगळ्यांनाच सुरुवातीला उडीआधी दोन-तीन बारीक, चाचपडती पावलं पडतात. ती जायला मला दीड महिना लागला.

चौथी पायरी: माती ओळखा

साताऱ्यात राहण्याचा मोठा फायदा म्हणजे दोन्ही तऱ्हेची माती अर्ध्या तासावर मिळते. पश्चिमेला चढलात की जांभा आणि तांबडी माती, पूर्वेला कोरेगावच्या अंगाला काळी रानं.

काळी माती ओली असताना तिच्यात सायकल चालवायचा नाद करू नका. ती टायरला चिकटते, चिकटलेलीवर आणखी चिकटते, आणि वीस पावलांत चाक फ्रेममध्ये जाम होतं. मी जोर लावून ढकलत राहिले आणि गिअरचा तुकडा वाकवून बसले. अशा पट्ट्यात आधीच उतरा आणि सायकल उचला, चाक जमिनीला लागूच देऊ नका. त्याच रानात वाफसा आला की मजा असते. शेतकरी ज्या दिवशी म्हणतो की आज कुळव चालेल, त्या दिवशी सायकलही चालते.

तांबडी, मुरमाड जमीन पाणी लवकर सोडते. तिथला धोका जांभ्याच्या उघड्या खडकावरचं शेवाळ. त्यावर ब्रेक नाही, वळण नाही, जोराचं पेडल नाही. आधी वेग कमी करायचा आणि सरळ निघून जायचं.

आडव्या उतारावरून, म्हणजे टेकडीच्या कुशीतून जाताना, वरच्या अंगानं शिरा. चाक थोडं खाली घसरणारच, त्याला जागा ठेवा. वजन उताराकडच्या पेडलवर. वाळू लागली तर आधीच वेग घ्या, वजन मागे, हँडल सैल, आणि पाय थांबवू नका. बाकी वळणांत नजर पुढच्या चाकावर न ठेवता जिथं जायचं तिथं ठेवा. हे सगळेच सांगतात आणि खरंच आहे.

सरावाच्या जागेबद्दल एक कळकळीचं. कासच्या पठारात चाक घालू नका. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेलं ते पठार वरून रान वाटलं तरी खडकावर मातीचा पापुद्रा आहे, आणि फुलं त्या पापुद्र्यात येतात. दम वाढवायला यवतेश्वर घाटाचा डांबरी रस्ता आहे, हिल मॅरेथॉनवाले पळतात तोच. चिखलाचा सराव ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक तुकड्यात, विचारून. पेरलेल्या रानाच्या बांधावरून सुद्धा नको.

पाचवी पायरी: शर्यतीच्या सकाळी मार्ग चालून बघा

चालून, बरं का. सायकलवरून एक फेरी मारायची असतेच, पण त्याआधी पायी. आंतरराष्ट्रीय मार्ग अडीच ते साडेतीन किलोमीटरचा असतो, हौशी मार्ग बहुधा लहान. अर्ध्या तासात चालून होतो.

चालताना प्रत्येक अवघड जागी एकच प्रश्न विचारा: इथं उतरायचं की बसून राहायचं? आणि उत्तर ठरवून टाका. माझ्या चारातल्या दोन पडण्या निर्णय न झाल्यामुळे झाल्या. त्यातल्या एकदा चढ अर्धा चढून गेल्यावर जमत नाही म्हणून उतरायला गेले, तेव्हा वेगही संपला होता आणि तोलही. चढाच्या पायथ्याशी, सायकल चालू असताना उतरलं की पळत वर जाता येतं. खूपदा पळणाराच चालवणाऱ्याच्या आधी वर पोचतो.

खाणं दोन तास आधी, साधं. पोहे ठीक. मी मैदानावर जाता जाता मिसळ खाल्ली होती. तिसऱ्या फेरीत ती माझ्याशी बोलायला लागली.

सहावी पायरी: प्रत्यक्ष शर्यत

शर्यत ठरावीक वेळेची असते. एलिट म्हणजे अव्वल गटातल्या पुरुषांची सुमारे एक तास, महिलांची ५० मिनिटं, हौशींची तीस ते पंचेचाळीस. पहिल्या एक-दोन फेऱ्यांचा वेळ बघून पंच एकूण किती फेऱ्या होतील ते ठरवतात आणि शेवटच्या फेरीला घंटा वाजते. पहिला स्पर्धक संपला की बाकीचे आपापली चालू फेरी पूर्ण करून थांबतात. म्हणजे कुणाच्या ७ फेऱ्या, कुणाच्या ६. मागून फेरी टाकणारा आला की एका बाजूनं सरळ चालत राहा, अचानक मधे येऊ नका. एवढीच त्याची अपेक्षा असते.

सुरुवात जीव खाऊन होते, कारण पहिलं अरुंद वळण सगळ्यांना आधी गाठायचं असतं. नवख्यानं त्यात पडू नये. मी पडले. माझी पहिली फेरी ५ मिनिटं ४० सेकंदांची, सहावी ७ मिनिटं ५० सेकंदांची. छाती भरून आली की आधी हात थरथरतात, मग पाय उचलत नाहीत, आणि मग ४० सेंटिमीटरची फळी अजिंक्यताऱ्याच्या तटबंदीएवढी दिसते. दुसऱ्या शर्यतीत, त्याच मार्गावर, शेवटच्या रांगेतून निघाले, पहिली फेरी ६ मिनिटं २० सेकंदांची काढली आणि शेवटची साडेसहाची. पहिल्या फेरीत पुढे पळालेल्यांपैकी पाच जण मला नंतर फळ्यांपाशी वाकलेले भेटले.

पडलात तर आधी बाजूला व्हा, मग हँडल सरळ आहे का आणि चेन बसली आहे का एवढंच बघा, निघा. चिखल झटकू नका. पुढच्या वळणावर आणखी लागणारच आहे.

सातवी पायरी: आंघोळीच्या आधी वही

चुकांतून शिका असं सगळेच सांगतात, पण दुसऱ्या दिवशीपर्यंत चुका गोड होऊन जातात. घसरलं ते चिखलामुळे, मागे पडले ते सायकल जुनी म्हणून. त्यामुळे मी घरी आल्या आल्या, अंगावर माती असतानाच लिहिते. मार्गाचा वेडावाकडा नकाशा काढायचा आणि जिथं पाय टेकला, जिथं पडले, जिथं कुणी पुढे गेलं तिथं फुली.

पहिल्या शर्यतीच्या नकाशावर मला वाटत होतं फुल्या चढावर येतील. चढावर एकच आली. सगळी गर्दी फळ्यांपाशी. भाच्यानं तिथं उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ काढला होता, तो घड्याळ लावून बघितला. फळ्यांच्या आधी ब्रेक लावण्यापासून परत पेडल मारेपर्यंत मला १९ सेकंद लागत होते, एका कॉलेजच्या पोराला ८. फेरीला ११ सेकंद, सहा फेऱ्यांत ६६. माझ्या पुढे आलेली बाई माझ्याहून ४० सेकंदांनी पुढे होती. तिच्यापेक्षा माझे पाय कमी पडले नव्हते. घाटात दोन महिने घाम गाळला होता आणि उतरण्याचा सराव केला होता दोन संध्याकाळ.

नकाशावरून पुढच्या शर्यतीसाठी एकच चूक निवडा. मी उतरणं निवडलं. चढताना पडणं तसंच राहू दिलं, वाळू तशीच राहू दिली. दुसऱ्या शर्यतीत फळ्यांना १२ सेकंद लागले. आता वहीत पुढची फुली आडव्या उतारावर आहे. त्यासाठी ओळखीच्यांकडे तिरक्या रानाचा तुकडा शोधते आहे. कुणाचा साताऱ्याजवळच्या लिंब गावाच्या बाजूला असेल तर मोटेच्या विहिरीपर्यंत आम्ही सायकलवर येतोच.

सायकल धुण्याचं राहिलं

गाड्यांच्या वॉशिंग सेंटरला नेऊन जोराचा फवारा मारू नका. पाणी चाकाच्या आणि पेडलच्या बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस निघून जातं आणि महिनाभरात करकर सुरू होते. बादली, जुना दात घासायचा ब्रश आणि बागेच्या पाइपचं साधं पाणी पुरतं. काळी माती वाळायच्या आत धुवा, वाळली की विटेसारखी होते. चेन फडक्यानं कोरडी करून मगच तेल, थेंब थेंब, आणि वरचं जास्तीचं पुसून टाका. ब्रेकचे रबर काढून त्यात रुतलेले खडे टोचून काढा, नाही तर ते रिम खातात. बुटांत जुनं वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवा आणि संध्याकाळी कागद बदला.